फिल्टरखालचा स्क्रू

८ जानेवारी

दादा,

तुला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणून कागद घेतला. मागच्या वेळी मी इथे घसा फोडून सांगत होते आणि तू पलीकडून विचारत होतास, कोण बोलतंय! जन्मभर डिझेल इंजिनात डोकं घालून बसलास, कान तिथेच ठेवून आलास.

तर ऐक, म्हणजे वाच. यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ट्रक भाऊजी चालवतात. सख्खा धाकटा दीर, मागच्याच गल्लीत राहतो, बाहेरचा ड्रायव्हर कशाला शोधायचा, असा विचार आपण सगळ्यांनीच केला होता. पण गेले काही आठवडे ट्रक सकाळी सुरू होत नाही. सेल्फ मारला की घरघरतो, कधी सुरू होऊन आचका देऊन बंद पडतो. मग भाऊजी खाली कुठेतरी खुडबुड करतात आणि निघतो. बरं, हे रोज होत नाही. एक दिवस शहाण्यासारखा चालतो, दुसऱ्या दिवशी रुसतो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुखणं असेल तर रोज दुखेल ना?

आणखी एक. भाऊजींच्या शर्टाला सकाळी सकाळी डिझेलचा वास येतो. ट्रक चालवणाऱ्याला वास येणारच, असं तू म्हणशील. पण चालवायच्या आधीच?

साबणाच्या कारखान्याचा माल सकाळी उचलायचा असतो. तिथल्या मुकादमानं बजावलंय, यापुढे उशीर झाला तर काम दुसऱ्या गाडीला देणार. हे काम गेलं तर ट्रक विकावा लागेल. आणि ट्रक विकला तर यांचं काय होईल, ते मला तुला सांगायला नको.

यांची तब्येत आहे तशी आहे. पाय सुधारला, उजवा हात अजून परका आहे. पेला धरलाय की सुटलाय हे हाताला कळत नाही, तो फुटल्यावर कानाला कळतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही असं सांगितलंय. मी तर ट्रकला हात लावलात तर याद राखा म्हणून दम दिलाय. संध्याकाळी काठी टेकत अंगणात जातात, ट्रकशेजारी खुर्ची टाकून बसतात, अंधारून आलं की फाटकाला स्वतः कुलूप घालून येतात. तेवढाच विरंगुळा.

आता तू सांग, डिझेल चोरलं तर गाडी अशी वागते का?

तुझी,
फटाकडी


१६ जानेवारी

फटाकडे,

माझे कान गेलेत, डोकं शाबूत आहे. आणि तुझं लहानपणापासूनचं दुखणं मला पाठ आहे: आधी चोर ठरवायचा, मग चोरी शोधायची. वर्कशॉपमध्ये मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, माणसावर संशय घ्यायच्या आधी इंजिनावर घ्या. इंजिन रागावत नाही आणि खोटंही बोलत नाही.

म्हणून आता मुकाट्यानं सांगतो ते कर. पहिलं, टाकीत डिझेल आहे का ते बघ. हसू नकोस. टाकी रिकामी असताना आख्खं इंजिन खोलून बसलेले महाभाग मी पाहिलेत. काट्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वच्छ काठी टाकीत घालून बघ. मग बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी जमलीय का? सेल्फ मारल्यावर इंजिन भराभर फिरतं की दमेकऱ्यासारखं? भराभर फिरत असेल तर बॅटरीला सोडून दे, तिची काही चूक नाही. हवेचा फिल्टर काढून झटक. तेलाची कांडी काढून पूस, परत घालून बघ. रेडिएटरचं पाणी इंजिन गार असतानाच बघायचं, नाहीतर तोंड भाजून घेशील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धूर. सेल्फ मारताना सायलेन्सरपाशी उभी राहा. काळा धूर असेल तर गाडीला हवा कमी पडतेय. पांढरा असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, या थंडीत ते होऊ शकतं. आणि धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. मला आता ऐकू येत नाही, तेव्हा तुझे डोळे हेच माझे कान.

हे सगळं बघताना कुणाला सांगू नकोस. मी तुझ्या दिराला चोर म्हणत नाही. पण दाजींच्या आजारपणात मी आलो होतो, तेव्हा त्यानं माझा चांगला पाना मागून नेला, तो अजून परत आलेला नाही. एवढं आपलं नोंदवून ठेवतो.

दादा


२४ जानेवारी

दादा,

तुझ्या पान्याचं तू बघ, माझं ऐक.

टाकीत काठी घातली, अर्ध्याच्या वर ओली निघाली. बॅटरी चकचकीत, सेल्फ मारला की इंजिन भिंगरीसारखं फिरतं. हवेचा फिल्टर झटकला तर माझ्याच अंगावर सगळा रस्ता आला. तेल आहे, पाणी आहे. मग सायलेन्सरमागे पदर नाकाला लावून उभी राहिले. भाऊजी सेल्फ मारत होते, मारत होते, आणि धूर? औषधालाही नाही! तिकडे आरशातून मला बघून भाऊजींचा चेहरा असा पडला की काय सांगू. "वहिनी, तुम्ही कशाला थंडीत उभ्या?" म्हणे. माझी काळजी बघ किती!

आता खरी गोष्ट. ट्रकच्या पोटाखाली, डाव्या बाजूला, जमिनीवर ओला डाग असतो. असतो म्हणजे मला एकदाच दिसला. बाकीच्या दिवशी त्या जागी वाळू पसरलेली असते. घराच्या बांधकामातली उरलेली वाळू अंगणाच्या कोपऱ्यात पडून आहे, ती मूठमूठ कमी होतेय. परवा उजाडता उजाडता खिडकीतून बघते तर भाऊजी फाटकाची त्यांच्याकडची किल्ली लावून आत आले आणि थेट ट्रकखाली आडवे झाले. मी बाहेर जाऊन विचारलं, काय चाललंय? तर म्हणे, चाकाची हवा बघतोय. आडवं पडून? चाकाची हवा कोण पोटावर झोपून बघतं रे? त्या दिवशी ते तसेच उठून बाजूला झाले, आणि त्या दिवशी ट्रक सुरू झाला नाही. मी पाळत ठेवायला लागल्यापासून तर दुखणं वाढलंच आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मी यांना काही बोलले नव्हते. पण काल हे स्वतःच खुर्चीवरून म्हणाले, "ट्रकला कुणीतरी हात लावतंय. आणि हात ओळखीचा आहे." घरातला माणूस घरातल्याच माणसाबद्दल असं बोलतो तेव्हा किती गिळून बोलत असेल! मला रात्रभर डोळा लागला नाही.

फटाकडी


१ फेब्रुवारी

फटाकडे,

धूर नाही, हे तू लाखातलं सांगितलंस. गाडीनं एअर घेतलीय.

तुला कळेल असं सांगतो. नळीनं सरबत पिताना नळीला मधेच भोक असेल तर कितीही ओढ, तोंडात वाराच येतो. टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल असंच ओढून आणतात. वाटेत कुठे ढिलं असेल तर रात्रभरात थेंब थेंब डिझेल गळतं आणि त्या जागी हवा शिरते. मग सकाळी कितीही सेल्फ मारा. इंजिनावरचा छोटा हातपंप मारून ती हवा काढावी लागते, तीच तुझ्या दिराची खुडबुड.

आता ढिलं कुठे ते शोध. डाव्या बाजूला टाकीच्या पुढे डिझेलचा फिल्टर आहे, भांड्यासारखा लटकलेला. त्याच्या बुडाला एक छोटा स्क्रू असतो. डिझेलमध्ये पाणी आलं तर ते तळाशी बसतं, ते काढून टाकायला. डाग त्याच्याच खाली असेल तर तोच गुन्हेगार.

पण लोखंड उभ्या गाडीत आपसूक ढिलं होत नाही. म्हणून आमची जुनी युक्ती सांगतो. तो स्क्रू नीट आवळायचा. मग स्क्रूपासून भांड्यापर्यंत रंगाची एक आडवी रेघ ओढायची. नेलपॉलिश चालेल. स्क्रू कुणी फिरवला तर रेघ तुटते, तिला खोटं बोलता येत नाही. दुपारी गाडी परत आली की रेघ ओढ आणि सकाळी सगळ्यांच्या आधी बघ.

रेघ तुटली तर हात माणसाचाच. मग मी तुला आवर म्हणणार नाही. दाजींना हात ओळखीचा वाटतो म्हणजे काहीतरी असणारच, त्यांची नजर कधी चुकली नाही. आणि माझ्या पान्याचं विचार जरा.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

रेघ तुटली.

लेक सासरी जाताना तिची लाल बाटली विसरली होती, त्यातली रेघ ओढली. दुपारी ओढली, सकाळी अंधुक उजेडात पाहिली, मधोमध दोन तुकडे. खाली डाग, वाळू अजून पडायची होती. मी तिथेच उभी राहिले. भाऊजी आले, हातात पाना. हो, तोच, लाल मुठीचा, तुझा! माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. भाऊ अंथरुणाला खिळला आणि तुम्ही त्याच्याच ताटातलं पळवता, असंही बोलले. आवाज ऐकून जाऊबाई धावत आल्या, शेजारपाजारचे गॅलरीत आले. हे दारात काठी धरून उभे.

भाऊजींनी यांच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली. ट्रकची चावी आणि फाटकाची किल्ली पायरीवर ठेवली आणि मला म्हणाले, "वहिनी, सकाळी गाडी काढायच्या आधी तो खालचा स्क्रू तेवढा आवळून घेत जा." बघ निर्लज्जपणा! वर सल्ला! जाऊबाई जाताना म्हणाल्या की त्या आता या घराची पायरी चढणार नाहीत. न चढोत.

हे "बरं केलंस" म्हणाले. पण दोन वेळा ताट तसंच परत आलं. पाठीवर बसवून शाळेत नेलेला भाऊ, दादा. राग त्याचा येतो आणि रडू यांच्याकडे बघून येतं.

बदली ड्रायव्हर मिळालाय. चावी आता माझ्या कमरेला असते.

फटाकडी


१७ फेब्रुवारी

फटाकडे,

तुझं पत्र वाचलं, मग परत वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. मला काहीतरी खटकतंय.

कुठला चोर जाताना सांगतो की मी भोक कुठे पाडलंय? डिझेल चोरायचं तर टाकीला नळी लावतात, फिल्टरच्या बुडातून थेंब थेंब कोण काढतं? वाटीभर डिझेलसाठी माणूस सख्ख्या भावाशी वैर घेईल? आणि पाना त्याच्या हातात होता म्हणतेस. रेघ तर तो यायच्या आधीच तुटली होती. मग तो पाना घेऊन सोडायला येत होता की आवळायला?

दुरुस्तीचा एक नियम मी तुला सांगायला विसरलो आणि तो विसरल्याचं मला फार वाईट वाटतंय. संशय आला म्हणून एक भाग बदलला, तर दोष गेला का ते बघायचं. दोष तसाच राहिला तर बदललेला भाग निर्दोष. तू ड्रायव्हर बदललास. आता परत रेघ ओढ.

रेघ शाबूत राहिली तर मी इतका वेळ बडबडलो म्हणून समज. तुटली तर मात्र सकाळी बघून भागणार नाही. आदल्या संध्याकाळी बघ, अंगणात कोण असतं ते.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

रेघ परत तुटली. चावी माझ्या कमरेला, किल्ल्या माझ्याकडे, भाऊजी पंधरा दिवस आपल्या गल्लीतही फिरकले नाहीत, आणि रेघ तुटली. बदली ड्रायव्हर इतके दिवस कशीबशी गाडी काढत होता, परवा मात्र त्यानं बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला आणि हात वर केले. कारखान्याचा माल राहिला. मुकादमानं एक शेवटची संधी दिलीय, तीही यांच्या जुन्या ओळखीवर.

काल ऊन उतरताना मी स्वयंपाकघरातला दिवा न लावता खिडकीशी उभी राहिले. हे खुर्चीवर होते. इकडे तिकडे बघितलं, माझ्या खिडकीकडेही बघितलं. मग काठी ट्रकला टेकून ठेवली आणि एका हातानं चाक धरत धरत खाली बसले. उकिडवे. खिशातून काचेची छोटी बाटली काढली, फिल्टरखाली धरली, स्क्रू सोडला. थोडं डिझेल बाटलीत घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं. तळाशी पाणी आहे का ते बघत होते, दादा. तीस वर्षं रोज संध्याकाळी करत आले तेच. मग उजव्या हातानं स्क्रू फिरवला, शेवटचा एक झटका दिला, बोटं पँटला पुसली. चेहऱ्यावर असं समाधान, की आजारपणात मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. उठायला किती वेळ लागला! मी दाराच्या कडीला हात घालून उभी, पण गेले नाही.

कुलूप घालून हे आत आले तशी मी बाहेर जाऊन बघितलं. स्क्रूतून थेंब पडत होता. त्यांनी आवळला होता रे. त्यांच्या मते घट्ट आवळला होता. हाताला कळलंच नाही.

मी तशीच मागच्या गल्लीत गेले. जाऊबाईंनी दार उघडलं आणि वाट अडवून उभ्या राहिल्या. मी आतल्या माणसाला ऐकू जाईल अशी म्हणाले, "भाऊजी, चुकलं माझं." तेव्हा कुठे बाजूला झाल्या. भाऊजींना सगळं ठाऊक होतं. रोज उजाडायच्या आधी येऊन आवळायचे, हवा काढायचे, डागावर वाळू टाकायचे. उशीर झाला किंवा मी समोर उभी असले की जमायचं नाही, त्या दिवशी गाडी रुसायची. "मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. यांना ते अण्णा म्हणतात. म्हणाले, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही अण्णांना अंगणात सोडलं नसतं. आणि अण्णांना आपला हात चुकतोय हे कळलं असतं तर ते स्वतःच गेले नसते. त्यापेक्षा मी चोर बरा."

दादा, मी या माणसाला शेजाऱ्यांसमोर चोर म्हणाले.

आता यांना कसं सांगू? हे अजून भावालाच गुन्हेगार समजतायत. सांगितलं तर हात जाईल, नाही सांगितलं तर भाऊ. तूच काहीतरी कर, ताबडतोब.

फटाकडी


४ मार्च

दाजी, नमस्कार.

तुमच्या ट्रकच्या तक्रारी बहिणीकडून कळल्या. घाबरण्यासारखं काही नाही, एअर घेतेय एवढंच. एक सुचवतो, राग मानू नका. आमच्या वर्कशॉपमध्ये पूर्वीपासून नियम होता की फिल्टरचं पाणी काढायचं काम दोघांनी करायचं. जुन्या माणसानं स्क्रू सोडायचा, पाणी बघायचं, कारण ती नजर नव्या माणसाला नसते. आवळायचं मात्र दुसऱ्यानं. एकाच हातानं सोडलं आणि आवळलं तर स्क्रूचे आटे झिजतात. हा नियम मोठमोठ्या कंपन्यांतही पाळतात. तुमच्याकडे पाणी काढायची सवय असेलच, तेव्हा आवळायला धाकट्या भावाला बोलवावं असं वाटतं. माणूस भरवशाचा दिसतो. माझा एक पाना त्याच्याकडे आहे, त्याअर्थी हत्यारं जपतो.

तब्येत सांभाळा.

तुमचा मेहुणा


१२ मार्च

मेहुणेबुवा,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नका.

तुमचा नियम वाचला. इतकी वर्षं गाडी चालवली, असला नियम ऐकला नाही. एकाच हातानं सोडलं-आवळलं म्हणून आटे झिजत नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत. मेहुणा इतकं वाईट खोटं लिहितो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. आणि मी अजूनही ते पाणी काढतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? घरातही कुणाला माहीत नव्हतं. शिवाय स्क्रूवर लेकीच्या लाल रंगाचे दोन तुकडे मी आधीच पाहिले होते. तेव्हा वाटलं, धाकट्यावर लक्ष ठेवायला लावलेत. तुमचं पत्र वाचल्यावर शंका आली, लक्ष नेमकं कुणावर होतं?

रेघ ही तुमचीच युक्ती असणार, मग मीही तीच केली. स्क्रू सोडला, पाणी बघितलं, जीव तोडून आवळला आणि वर रेघ ओढली. हिला म्हटलं, धाकट्याला बोलव. तो आला, खाली मान घालून उभा. म्हटलं, तुझा पाना लाव आणि बघ, आणखी आवळतो का. तो म्हणाला, घट्टच आहे अण्णा. हातही न लावता म्हणाला! लाव म्हटलं ना. लावला. स्क्रू फिरला, चांगला फिरला. रेघ माझ्या डोळ्यांदेखत तुटली.

मी म्हणालो होतो, हात ओळखीचा आहे. आता ओळख पटली.

धाकटा रडायला लागला. मी त्याला चोर समजलो आणि रडतोय तो! मी त्याला डाव्या हातानं जवळ ओढला, हा हात अजून माझं ऐकतो. ही दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि मला उकिडवं बसलो म्हणून रागवायचंही विसरली. ते तिनं दुसऱ्या दिवशी भरून काढलं. आता उकिडवं बसायचं नाही, धाकट्याच्या बायकोनं बसायला बुटकं स्टूल पाठवलंय. स्वतः आणून दिलं नाही, पाठवलं. तिचा राग उतरायला वेळ लागेल, आणि लागू दे, तिचा हक्क आहे.

वाईट वाटलं का, विचाराल. वाटलं. रात्री बराच वेळ हाताकडे बघत पडलो होतो. पण नजर अजून माझी आहे. काल बाटलीत पाणी दिसलं, नेहमीपेक्षा जास्त. धाकट्याला दिसलं नसतं. डिझेल भरायचा पंप बदलायला सांगितला.

ट्रक रोज पहिल्या सेल्फला सुरू होतो. मुकादम खूश आहे. संध्याकाळी मी सोडतो, तो आवळतो. मी विचारतो, "आवळला?" तो म्हणतो, "आवळला अण्णा." तरी मी रेघ ओढून ठेवतो. भावावर संशय नाही, सवय आहे.

तुमचा पाना परत मिळणार नाही. तो आता फिल्टरच्या कामाला लागलाय.

दाजी